गव्हर्नर क्लिंटन यांचा कालवा

आमच्या व्यापारी वाचकांपैकीं बहुतेकांनीं आपल्या वखारीच्या वहींत भाडें ह्या सदराखालीं वर्षाकांठीं किती रक्कम पडते तें कधींतरी मोजलें असेलच. ज्यानें मोजलें नसेल त्यानें हा लेख पुढें वाचण्यापूर्वी मोजावें. माल पिकविण्यास जें लागतें तें, विकत घेण्यास जें लागतें तें, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यास जें लागतें तें, ह्या तीन रकमांपैकीं तिसरीवर व्यापाऱ्याचा स्वतःचा ताबा सर्वांत कमी. ती रस्त्यावर, पुलावर, बंदरावर आणि रुळावर अवलंबून असते. असें असूनही ह्या कामांत सरकारनें पैसा घालावा कीं नाहीं, घालावा तर तो कोठून आणावा, आणि आणलेला पैसा फिटेपर्यंत त्याचा हिशेब कोणीं ठेवावा, ह्याविषयीं आमच्या शहरांतून जी चर्चा चालते ती बहुधा खड्ड्यांस आणि टोलनाक्यांस शिव्याशाप देण्यापलीकडे जात नाहीं. म्हणून आज आम्ही एका परदेशीय गृहस्थाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. हे गृहस्थ वारले त्यास आतां दोनशें वर्षें होत आलीं. त्यांनीं एका राज्याच्या पैशानें एक मार्ग बांधला. आणि तो ज्या रीतीनें बांधला ती रीत आम्हांस त्या मार्गाहूनही अधिक महत्त्वाची वाटते.

डी विट क्लिंटन यांचा जन्म २ मार्च १७६९ रोजीं अमेरिकेंतील न्यू यॉर्क प्रांतांत झाला. वडील जेम्स क्लिंटन हे इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धांत सेनानायक होते. चुलते जॉर्ज क्लिंटन हे स्वतंत्र न्यू यॉर्क संस्थानाचे पहिले गव्हर्नर व पुढें संयुक्त संस्थानांचे उपाध्यक्ष झाले. (संस्थान म्हणजे येथें राजेरजवाड्यांचें नव्हे; संयुक्त संस्थानांतील प्रत्येक घटक राज्य, असा अर्थ घ्यावा.) मुलगा १७८६ सालीं कोलंबिया कॉलेजांतून पदवीधर झाला. युद्धामुळें बंद पडलेलें तें कॉलेज नवें नांव घेऊन उघडल्यावर पदवी घेऊन बाहेर पडलेली ही पहिलीच तुकडी. नंतर क्लिंटन यांनीं कायद्याचा अभ्यास केला, वकिलीची सनद मिळविली, परंतु वकिली फारशी चालविली नाहीं. चुलत्यांचे चिटणीस म्हणून ते राजकारणांत शिरले ते अखेरपर्यंत बाहेर पडले नाहींत. आम्हीही कायद्याची पदवी घेऊन शाईच्या धंद्यांत पडलेले. तेव्हां ह्या बाबतींत त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

चुलत्यापुतण्यांचें राजकारण महाराष्ट्रास नवें नाहीं. येथें मात्र पुतण्यानें चुलत्याचा पक्ष चालविला, आणि तो चालवितांना जे दोष अंगीं जडावयाचे ते सर्व त्यास जडले. आपल्या पक्षाच्या माणसांस सरकारी जागा वांटणें, विरुद्ध पक्षाच्या माणसांस काढून टाकणें, ही जी रीत अमेरिकेच्या राजकारणास पुढें फार बाधली, तिचा न्यू यॉर्कांत पाया घालणारांत क्लिंटन हे प्रमुख होते. अंगानें उंच व धिप्पाड, बुद्धीनें तीव्र, वाचन अफाट, आणि स्वभाव असा गर्विष्ठ कीं मित्र दुरावत आणि शत्रु पक्के होत. चरित्रनायकाचे दोष झांकून ठेवण्याची आमच्याकडील चाल आम्हांस पसंत नाहीं. मोठीं कामें निर्दोष माणसांच्याच हातून होतात अशी समजूत पसरली तर कोणींच काम हातीं घेणार नाहीं.

१८०२ सालीं ते संयुक्त संस्थानांच्या सेनेटांत गेले. पण दुसऱ्याच वर्षीं ती जागा सोडून त्यांनीं न्यू यॉर्क शहराच्या मेयरचें काम पत्करलें. मधले दोन खंड सोडले तर १८१५ पर्यंत तें त्यांच्याकडेच होतें. ह्याच काळांत, १८०५ सालीं, गरिबांच्या मुलांस फी न घेतां शिकविणारी एक संस्था शहरांत निघाली. तिचे ते पहिले अध्यक्ष आणि मरेपर्यंत अध्यक्ष. कालव्याकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटलें, कारण शाळांस पैसे द्यावे कीं रस्त्यांस, असा वाद घालणारे विद्वान आमच्याकडे पुष्कळ आहेत. क्लिंटन यांस त्या दोहोंत विरोध दिसला नाहीं.

आतां त्या प्रदेशाची रचना वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास समांतर डोंगरांची रांग उत्तरदक्षिण गेलेली आहे, जशी आमच्याकडे सह्याद्रीची. डोंगरापलीकडे अफाट सुपीक जमीन व समुद्रासारखीं विस्तीर्ण सरोवरें. अलीकडे बंदरें आणि बाजारपेठा. न्यू यॉर्क शहरापासून आल्बनीपर्यंत हडसन नदींतून गलबतें जात, तेथवर अडचण नव्हती. पण आल्बनीपासून ईरी सरोवरापर्यंतची वाट बैलगाड्यांची, घोडागाड्यांची आणि चिखलाची. सरोवराकांठच्या बफलोहून एक टन माल न्यू यॉर्कास आणण्यास सुमारें १०० डॉलर आणि सुमारें वीस दिवस लागत. इतक्या भाड्यापुढें गव्हाच्या किंमतीचा पाड लागेना. बाजारांत पोंचेपर्यंत शेतकऱ्याच्या मालापेक्षां त्याची वाहतूकच कित्येक पटींनीं महाग होई. म्हणून पश्चिमेकडील शेतकरी धान्याची दारू गाळून विकी, किंवा आपला माल नदीनाल्यांच्या प्रवाहाबरोबर खालीं इंग्रजांच्या ताब्यांतील माँट्रिअल बंदराकडे सोडून देई. पाण्यास जिकडे उतार तिकडे व्यापार, आणि व्यापार जिकडे तिकडे कालांतरानें राजनिष्ठाही जाते, ही भीति तेव्हांच्या विचारी माणसांस वाटूं लागली होती.

ह्या डोंगरांच्या रांगेंत मोहॉक नदीच्या खोऱ्यानें एक सखल खिंड पाडली आहे. तिच्यांतून कालवा न्यावा ही कल्पना क्लिंटन यांची नव्हे. ती तपशिलानें मांडली जेसी हॉली नांवाच्या एका पिठाच्या व्यापाऱ्यानें. माल नेण्याच्या खर्चापायीं त्याचें दिवाळें वाजलें, कर्ज फिटेना म्हणून तो तुरुंगांत पडला, आणि तेथें बसून त्यानें टोपणनांवानें वर्तमानपत्रांत १८०७ व १८०८ सालीं चौदा लेख लिहिले. बुडालेल्या व्यापाऱ्यानें बुडण्याचें कारण शोधून तें छापून काढावें, हें आम्हांस मोठें धैर्याचें वाटतें. आमच्याकडे दिवाळें निघालें कीं ग्रहांस दोष देतात.

ह्या कल्पनेस आरंभीं कोणीं भीक घातली नाहीं. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्याकडे १८०९ च्या आरंभीं ती नेली तेव्हां त्यांनीं, बेत उत्तम आहे, शंभर वर्षांनीं होईलही, पण आज त्याचा विचार करणें म्हणजे जवळजवळ वेड आहे, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. जेफर्सन हे कांहीं अडाणी नव्हते. साडेतीनशें मैलांचा कालवा, तोही जंगलांतून. आणि त्या वेळीं साऱ्या देशांतील सर्वांत लांब कालवा केवळ २७ मैलांचा!

१८१० सालीं न्यू यॉर्कच्या विधिमंडळानें ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. त्यांत दोन्ही पक्षांचीं माणसें होतीं. विरुद्ध पक्षाच्या ज्या सभासदानें हा ठराव आणला तो स्वतः आधीं क्लिंटन यांच्याकडे गेला आणि तुम्ही हात दिल्याखेरीज हें काम होणार नाहीं असें त्यानें त्यांस पटविलें. क्लिंटन यांनीं ह्यांत आपल्या पक्षाचा लाभ पाहिला नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यानंतर त्यांनीं जें केलें तें नुसत्या राजकारणी पुरुषाचें नव्हे. उन्हाळ्यांत ते कमिशनच्या इतर सभासदांबरोबर नदींतून नावेनें व पुढें रस्त्यानें सर्व मार्ग स्वतः पाहून आले. डांस, ढेंकूण आणि वाईट खाणावळी सोसल्या. आणि जमीन, झाडें, वस्ती, मिठागरें ह्या सर्वांची दैनंदिनी लिहून आणली. हल्लीं मार्गाची पाहणी विमानांतून करितात. वरून डोंगर लहान दिसतात.

१८११ च्या अखेरीस क्लिंटन व त्यांचे सहकारी मॉरिस वॉशिंग्टनास मध्यवर्ति सरकारकडे पैसे मागण्यास गेले व रिकाम्या हातानें परत आले. पुढच्या वर्षीं इंग्रजांशीं युद्ध सुरू झालें. त्याच वर्षीं क्लिंटन यांनीं अध्यक्षपदासाठीं मॅडिसन यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली व ते पडले. १८१५ सालीं मेयरची जागाही विरोधकांनीं घेतली. सेहेचाळीस वर्षांचा, पदच्युत, पराभूत असा हा मनुष्य आतां घरीं बसेल असें सर्वांस वाटलें. ३० डिसेंबर १८१५ रोजीं न्यू यॉर्कच्या एका हॉटेलांत कांहीं व्यापाऱ्यांची सभा भरली. तिनें विधिमंडळाकडे धाडावयाचा अर्ज लिहिण्याचें काम क्लिंटन यांच्याकडे दिलें. त्या अर्जांत त्यांनीं वक्तृत्व थोडें आणि आंकडे पुष्कळ घातले: खर्च किती, टन किती, टोल किती, व्याज किती. तो छापून गांवोगांवीं गेला, सभा भरल्या, आणि सह्या घेतलेले अर्ज विधिमंडळावर येऊन आदळूं लागले.

मध्यवर्ति सरकारची आशा अगदींच सुटली नव्हती. रस्तेकालव्यांसाठीं पैसे देण्याचें एक बिल काँग्रेसनें संमत केलेंही. पण ३ मार्च १८१७ रोजीं, आपल्या कारकीर्दीच्या शेवटल्या दिवसांत, अध्यक्ष मॅडिसन यांनीं घटनेंत असा अधिकार नाहीं म्हणून तें नामंजूर केलें. वरून मदत येत नाहीं असें ठरलें. आतां एकतर बेत सोडावा, नाहींतर आपल्या बळावर करावा. सुमारें सहा आठवड्यांनीं, १५ एप्रिल १८१७ रोजीं, न्यू यॉर्कनें आपल्या बळावर करण्याचा कायदा केला.

ह्या मतदानांतली एक गोष्ट आमच्या शहरवासी वाचकांनीं विसरूं नये. ज्या न्यू यॉर्क शहराचें ह्या कालव्यानें भाग्य उदयास आलें, त्या शहराच्या प्रतिनिधींनीं त्याविरुद्ध मतें दिलीं. कर आम्हीं द्यावा आणि पाणी त्यांच्या शेताजवळून वाहावें, हा त्यांचा मुद्दा. उलट क्लिंटन यांचे हाडवैरी व्हॅन ब्युरेन यांनीं सेनेटांत कालव्याच्या बाजूनें भाषण करून बिल तारलें. त्या दिवशीं क्लिंटन यांनीं त्यांच्याजवळ जाऊन आभार मानले, आणि पुढें दोघांचें वैर पूर्ववत् चालू राहिलें. वैर राखावें पण कामाच्या आड येऊं देऊं नये, ही विद्या त्या लोकांस होती.

पैशाची व्यवस्था कशी केली, हाच आमच्या मतें ह्या चरित्राचा गाभा. संस्थानाची लोकवस्ती तेव्हां तेरा-चौदा लाखांची. कालव्यास अखेर ७० लाख डॉलरांहून थोडा अधिक खर्च आला, म्हणजे लहानमोठ्या प्रत्येक माणसामागें पांच डॉलरांवर बोजा. मजुराची रोजी तेव्हां एका डॉलराच्या आंत होती. इतकें कर्ज काढावयाचें तर त्याचें व्याज कोठून यावयाचें हें कर्ज काढण्याआधींच कायद्यानें ठरविलें. कालव्याचा एक स्वतंत्र निधि केला आणि त्यावर निराळे विश्वस्त नेमले. संस्थानांत तयार होणाऱ्या मिठावर बुशेलास साडेबारा सेंट कर, लिलावांवरील जकात, हडसन नदींतील आगबोटींच्या उतारूंवर लहानसा कर, आणि कालव्याच्या प्रत्येक भागावर तो सुरू होतांच मिळणारा टोल, हीं सर्व उत्पन्नें त्या निधीस जोडलीं. कालव्याच्या दोन्ही बाजूंच्या पंचवीस मैलांतील जमिनीवर कर बसविण्याचीही तरतूद होती. तो वसूल करण्याची पाळीच आली नाहीं. मिठावरील कराचें नांव काढलें कीं आमच्या लोकांस १९३० साल आठवतें, आणि आठवावेंच. परंतु तेथें कर बसविणारे लोकांचे प्रतिनिधि होते, आणि मिठाचा पैसा त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यावाटे त्यांच्याच शेतापर्यंत येत होता. भेद मिठांत नाहीं, बसविणाऱ्यांत आहे.

कर्जरोखे विकावयास काढले तेव्हां मोठे धनिक बाजूस उभे राहिले. पहिल्या वर्षांत रोखे घेणारांत लहान रकमांचे गिऱ्हाईक अधिक होते. १८१९ सालीं न्यू यॉर्कांत गरिबांसाठीं एक बचतपेढी निघाली होती. मोलकरणी, शिंपी, कारागीर ह्यांच्या शिलकींतून तिनें ह्या रोख्यांचा फार मोठा भाग घेतला. काम अर्ध्यावर आलें, टोलाचा पैसा येऊं लागला, आणि मग लंडनचे सावकार धांवत आले. लंडनचा पैसा आला तो न्यू यॉर्कच्या अटींवर आला, हें येथें सांगितलें पाहिजे.

कारण आमच्या देशांत ह्याच्या नेमकें उलट झालें. मुंबईंत आगगाडी यावी म्हणून नाना शंकरशेट व सर जमशेटजी यांनीं खटपट केली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली, हें आम्हांस भूषणावह आहे. परंतु त्या कंपनीशीं १८४९ सालीं जो करार झाला त्यानें भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीवर बसविली. भागीदार बहुतेक इंग्लंडांतले. नफा झाला तर त्यांचा, तूट आली तर ती भरून देणारा येथील रयत. पैसा जपून खर्चण्याचें कारणच उरलें नाहीं. गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकांनीं एकोणिसाव्या शतकांतच ह्या व्यवहाराची चिरफाड केली आहे. मार्ग वाईट नव्हता. सावकारी वाईट होती.

४ जुलै १८१७ रोजीं, स्वातंत्र्यदिनीं, रोम नांवाच्या गांवीं पहिली कुदळ पडली. तीनच दिवस आधीं क्लिंटन गव्हर्नर झाले होते. काम दोन टोंकांकडून न आरंभितां मधून आरंभिलें, ह्यांत मोठें चातुर्य होतें. मधली जमीन सपाट, तेथें काम झपाट्यानें होणार. आणि मधला तुकडा तयार झाला म्हणजे पूर्वेकडील व पश्चिमेकडील दोन्ही लोक आपणांस जोडून घेण्यासाठीं स्वतःच ओरड करणार. झालेंही तसेंच. १८१९ च्या शरदांत रोम ते यूटिका हा पंधरासोळा मैलांचा भाग पाण्यानें भरला आणि टीकाकारांचा आवाज बसूं लागला. तोंवर ते ह्या कामास क्लिंटनचा चर म्हणून हिणवीत.

इंजिनियर नव्हतेच. मुख्य काम ज्यांच्याकडे दिलें ते बेंजामिन राइट व जेम्स गेडीस हे दोघे न्यायाधीशाचें काम केलेले व जमीनमोजणी जाणणारे गृहस्थ. कॅन्व्हास व्हाइट नांवाचा तरुण पदरच्या खर्चानें इंग्लंडास गेला आणि तेथील कालव्यांच्या कांठाकांठानें सुमारें दोन हजार मैल पायीं हिंडून सर्व बांधकाम पाहून आला. पाण्याखालीं घट्ट होणारा चुना परदेशाहून आणावा लागे. तो होणारा दगड त्यानें कालव्याच्या मार्गावरच शोधून काढला. ३६३ मैलांची लांबी, ४० फूट रुंदी, ४ फूट खोली. दोन टोंकांच्या उंचींत साडेपांचशें फुटांहून अधिक फरक, तो चढण्याउतरण्यासाठीं ८३ लॉक, म्हणजे दोन्हीकडे दारें असलेलीं दगडी कुंडें, ज्यांत पाणी भरून नाव वर उचलावयाची व सोडून खालीं उतरवावयाची. लॉकपोर्टास तर खडकाच्या कड्यावर एकावर एक अशीं पांच कुंडें, तीही जोडीनें. तीं आंखणारा नेथन रॉबर्ट्स हा पूर्वीचा शाळामास्तर. काम करतां करतां हे लोक इंजिनियर झाले. आणि पुढें अमेरिकेंतील कालवे व रेल्वे बांधणारी पहिली पिढी ह्याच चरांतून बाहेर पडली. परदेशीय तज्ज्ञाखेरीज आमचें पान हलत नाहीं असें मानणाऱ्या अधिकाऱ्यांस हा भाग आम्ही मुद्दाम सांगत आहों.

ह्या कामाची दुसरी बाजूही आहे. कंत्राटें लहान लहान तुकड्यांचीं करून आसपासच्या शेतकऱ्यांस दिलीं हें चांगलें. पण खणणारे मजूर, त्यांत पुढें आयर्लंडहून आलेले पुष्कळ, फार हालांत राहिले. १८१९ च्या उन्हाळ्यांत माँटेझुमाच्या दलदलींत हजारभर मजूर तापानें पडले, आणि त्यांतले कित्येक उठले नाहींत. त्यांचीं नांवें कोणत्याही खांबावर नाहींत. आणि ज्या जमिनींतून पाणी वाहिलें ती मुळांत इरोक्वॉय संघांतील लोकांची. तह, खरेदीपत्रें व दडपशाही ह्यांच्या मिश्रणानें ती त्यांच्या हातून गेली होती, आणि कालव्याबरोबर आलेल्या वस्तीच्या लोंढ्यानें उरलीसुरलीही जाऊं लागली. क्लिंटन यांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. १८११ सालीं त्यांनीं ह्याच लोकांच्या इतिहासावर एक विद्वत्तापूर्ण व्याख्यान दिलें होतें, त्यांच्या राज्यव्यवस्थेची वाखाणणीही केली होती. ज्ञान असूनही त्यांनीं हात आंखडला नाहीं. महामार्गासाठीं जमीन संपादन करतांना ज्याची जमीन जाते त्याचें म्हणणें ऐकणें हा उपचार नसून कर्तव्य आहे, असें जें आम्ही ह्या स्तंभांतून वेळोवेळीं लिहितों, त्यास क्लिंटन यांच्या मोठेपणामुळें बाध येत नाहीं. उलट पुष्टि मिळते.

काम पुरें होत आलें आणि विरोधकांस शेवटची बुद्धि सुचली. १८२२ नंतर क्लिंटन गव्हर्नर राहिले नव्हते. कालवा कमिशनचें अध्यक्षपद तेवढें त्यांच्याकडे होतें, आणि त्याचा ते पगार घेत नसत. १२ एप्रिल १८२४ रोजीं, अधिवेशन संपतां संपतां, विधिमंडळानें ठराव करून त्यांस तेथूनही काढलें. कारण दिलें नाहीं, देण्यासारखें नव्हतेंच. जो गर्विष्ठ म्हणून लोकांस नकोसा झाला होता त्याच्यासाठीं गांवोगांवीं निषेधाच्या सभा भरल्या. पूर्वी ज्या शहरानें कालव्याविरुद्ध मत दिलें होतें त्या न्यू यॉर्कांतही हजारों लोक जमले. नोव्हेंबरांत ते मोठ्या बहुमतानें पुन्हां गव्हर्नर झाले. शत्रूंनीं त्यांच्यासाठीं जें केलें तें मित्रांस जमलें नसतें.

२६ ऑक्टोबर १८२५ रोजीं बफलोहून पहिली नाव निघाली. तिची वर्दी कालव्याच्या व नदीच्या कांठीं मांडलेल्या तोफा एकामागून एक उडवून न्यू यॉर्कास दीड तासाच्या आंतबाहेर पोंचविली. ४ नोव्हेंबरास गव्हर्नरांनीं सरोवराचें पाणी समुद्रांत ओतलें. समारंभाचें वर्णन येथें पुरे.

फळ काय मिळालें तें पाहावें. शंभर डॉलरांचें भाडें दहाच्या आसपास आलें आणि वीस दिवसांचे आठ झाले. रॉचेस्टर गांवांत १८२० सालीं दीड हजार माणसें होतीं, १८३० सालीं नऊ हजारांवर. तेथील पिठाच्या गिरण्या देशभर प्रसिद्ध झाल्या. ह्याच दहा वर्षांत न्यू यॉर्क शहर सव्वा लाखावरून दोन लाखांवर गेलें, आणि फिलाडेल्फिया व बॉस्टन हीं बंदरें मागें पडलीं. कालवा सर्व लांबीनें उघडण्याआधींच टोलाचें उत्पन्न कर्जाच्या व्याजाहून वाढलें. मूळ कर्ज फेडण्याइतका पैसा १८३७ पर्यंत, म्हणजे बारा वर्षांत, जमला. १८८२ सालीं संस्थानानें टोल अजीबात रद्द केला. टोल रद्द होऊं शकतो ही वार्ता आमच्या कांहीं वाचकांस नवी वाटेल.

हें पाहून शेजारच्या संस्थानांस सुरसुरी आली. पेनसिल्व्हेनियानें डोंगर ओलांडणारा कालवा व रेल्वे ह्यांचा जोडमार्ग १८३४ सालीं पुरा केला. इंडियाना, इलिनॉय, मिशिगन ह्यांनींही कर्जें काढलीं. व्याजास उत्पन्न जोडलें नाहीं, प्रत्येक तालुक्यास खूष ठेवण्यासाठीं एकाच वेळीं दहा ठिकाणीं कामें काढलीं, आणि १८४१-४२ च्या मंदींत हीं संस्थानें व्याज भरूं शकलीं नाहींत. खुद्द न्यू यॉर्कासही पुढच्या फांटेकालव्यांचीं कामें १८४२ सालीं थांबवून कर बसवावा लागला. म्हणजे कर्ज काढून मार्ग बांधला कीं लक्ष्मी आपोआप येते असें क्लिंटन यांच्या चरित्रावरून कोणीं समजूं नये. मार्ग कोणता, उत्पन्न कोणतें, हिशेब कोणाकडे, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं छापलीं गेलीं होतीं म्हणून तो कालवा तरला.

आमच्याकडे ह्या वळणाचा एक प्रयत्न झाला आहे. १९९० सालीं स्थापन झालेल्या कोंकण रेल्वेच्या महामंडळांत केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ह्या राज्यांनीं भाग घेतले, बाजारांत रोखे काढले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं सुमारें ७४० किलोमीटरांचा मार्ग वाहतुकीस खुला झाला. मधु दंडवते ह्यांच्यासारख्यांनीं ज्यासाठीं जन्मभर खटपट केली तें झालें. बांधकाम स्वदेशी इंजिनियरांचें, आणि अवघड. परंतु पहिलीं कित्येक वर्षें व्याजाचें ओझें उत्पन्नास झेंपलें नाहीं, कारण व्याजासाठीं मिठासारखें दुसरें कोणतेंच उत्पन्न आधीं बांधून ठेवलेलें नव्हतें. मार्ग आम्हांस जमतो. निधि जमत नाहीं. राज्यानें रस्ते, बंदरें व एस. टी. ह्यांसाठीं कर्ज काढावें, अवश्य काढावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. पण प्रत्येक कर्जामागें त्याचें उत्पन्न कायद्यानें जोडावें, त्यावर निराळे विश्वस्त असावे, टोलाची जमा व फेडीची बाकी नाक्यावरच फलकावर लिहावी, आणि त्या रोख्यांचा कांहीं भाग लहान रकमांत, तालुक्याच्या पेढींतून, सामान्य गिऱ्हाइकास विकावा. व्यापारीमंडळांनीं ही मागणी येत्या अर्थसंकल्पापूर्वी लेखी करावी. अर्ज लिहिण्यास माणूस हवा असल्यास आमचें कचेरीचें दार उघडें आहे.

क्लिंटन हे कालवा उघडल्यावर सवादोन वर्षें जगले. ११ फेब्रुवारी १८२८ रोजीं आल्बनी येथें आपल्या अभ्यासिकेंत बसले असतां एकाएकीं त्यांचें प्राणोत्क्रमण झालें. ते अद्याप गव्हर्नरच होते, वय ५८. न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील व्यापाऱ्यांनीं त्यांस चांदीचीं दोन भव्य पात्रें नजर केलीं होतीं, पण घरांत पैसा नव्हता. होतें तें कर्ज. ज्याच्या हाताखालून ७० लाख डॉलर गेले त्याच्या कुटुंबापाशीं त्यास पुरण्यापुरती स्वतःची जागा नव्हती. एका स्नेह्याच्या घराण्याच्या तळघरांत त्यांचें शव ठेवलें. विधिमंडळानें त्यांच्या अज्ञान मुलांसाठीं दहा हजार डॉलर मंजूर केले. कालव्याचा टोल त्या वर्षींही येतच होता. शव तेथेंच सोळा वर्षें राहिलें. १८४४ सालीं तें तेथून काढून, ज्या हडसन नदीनें कालव्याचा माल समुद्राकडे जाई तिच्याच वाटेनें न्यू यॉर्ककडे आणलें, आणि ब्रुकलिन येथील ग्रीनवुडच्या स्मशानभूमींत पुरलें.